कंटाळ्याच्या दिवसांतली भाकरी

श्रीमती द्वारकाबाई शिंगाडे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते खरकट्या ताटांच्या ढिगामागे. वर्ष दुष्काळाचे होते. आमच्या कारखान्यात पाणी टँकरने येई आणि कँटीनमधली ताटे राखेने घासून मोजक्या पाण्यात विसळली जात. ते काम ठेकेदाराने बाईंकडे दिले होते. मी स्टोअरमध्ये कारकून होतो. जेवण आटोपून मी ताट त्यांच्यापुढे सरकवले, तर त्यांनी ते उचललेच नाही. ताटात मेथीची भाजी जशी वाढली होती तशीच होती.

"भाऊ, भाजी कडू हाय का?"

"नाही, मावशी."

"मग खाल्ली का नाय?"

"मूड नव्हता."

"मूड म्हंजी?"

"म्हणजे... इच्छा नव्हती."

"असं व्हय." त्यांनी ती भाजी शेळीसाठी ठेवलेल्या डब्यात काढली. "मग उद्या बी नसंल इच्छा. परवा बी नसंल."

माझ्या मागे रांगेत उभे असलेले हसले. मला त्या बाईचा राग आला. ताटे घासणारीने ताटात काय उरले हे विचारायचे नसते, एवढे मला तेव्हा पक्के ठाऊक होते.

बाई मूळच्या वैजापूर तालुक्यातल्या. घरी मेंढरांचा कळप होता. चारा-पाणी संपले तसा कळप गेला. काही मेंढरे विकली, काही वाटेत मेली. नवरा-बायको शहरात आली. शहर तेव्हा गारखेड्याच्या बाजूने पसरत होते. यजमान इमारतींच्या कामावर गवंड्यांच्या हाताखाली लागले. इमारत उभी राहीपर्यंत तिच्याच पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात राहायचे, लोक राहायला आले की पुढच्या इमारतीकडे जायचे, असा त्यांचा संसार. मीही वैजापूरकडचाच. पण आमची शेती होती, विहीर होती. विहीर त्या वर्षी कोरडी पडली होती तरी होती, आणि तेवढ्या आधारावर मी स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचा समजत असे. गौरवलेखात असले लिहीत नाहीत. पण पुढे जे घडले ते याशिवाय समजणार नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमचा सहकारी भगवान मशीनवर काम करताना चक्कर येऊन पडला. वय चाळिशीच्या आतले. दवाखान्यात कळले की साखर बेसुमार वाढली आहे आणि रक्तदाबही. कारखान्यात घबराट पसरली. तपासणी शिबिर झाले. आमच्यापैकी अनेकांच्या, माझ्याही, कागदावर लाल खुणा उमटल्या. शेतावर दिवसभर राबणाऱ्या बापांची मुले आम्ही. खाणे तेवढेच ठेवले होते, राबणे मशीनने घेतले होते. वर सकाळी गाड्यावरची कचोरी, दुपारी चार पोळ्या आणि भाताचा डोंगर, संध्याकाळी भजी.

मग उत्साहाची लाट आली. भिंतीवर तक्ते लागले. हॉलमध्ये उभे राहून आम्ही हात पुढे करून शपथ घेतली. कँटीनमध्ये ओट्स आले, उकडलेल्या भाज्या आल्या, बिनतेलाचे काहीतरी आले. पहिल्या आठवड्यात त्या टेबलापुढे रांग लागली, सहाव्या आठवड्यात तिथे कुणी उभे राहीना. ओट्सची पोती स्टोअरमध्ये माझ्याच ताब्यात होती. त्यांना कीड लागली.

मी कँटीन समितीचा चिटणीस होतो. समितीची बैठक भरली. कामगारांना पुन्हा प्रोत्साहन कसे द्यावे, यावर कारखान्याचे मॅनेजर साहेब बोलत होते. बक्षिसे ठेवावीत, व्याख्यान ठेवावे, वगैरे. द्वारकाबाई तोवर भांड्यांवरून भाकरी थापण्याच्या कामावर आल्या होत्या. चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"साहेब, बोलू का?"

साहेब म्हणाले, "बोला."

"त्यांस्नी हुरूप कशापायी पायजे? हुरूप चार दिस ऱ्हातो. मेंढराला काय रोज हुरूप असतो व्हय चरायला जायाचा? वाट ठरल्याली असती म्हून जातंय. तुमी वाट ठरवा."

"म्हणजे काय करायचं?"

"माज्या हाती द्या. सांगत नाय, करून दावते."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी होकार दिला. मी इतिवृत्तात लिहिले: प्रायोगिक तत्त्वावर.

बाईंनी पहिल्याच दिवशी टेबले हलवली. पूर्वी रांगेत आधी भात, मग पोळी, मग भाजी लागे. ताट भरून गेल्यावर भाजीला जागाच उरत नसे. त्यांनी उसळ आणि भाजी आधी मांडली, मग ज्वारीची भाकरी, आणि भाताचे पातेले हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. भात कुणाला नाकारला नाही. हवा त्याने उठून जावे आणि घ्यावा. पहिल्या आठवड्यात सगळे उठले. महिन्याभराने निम्मे लोक आळसापायी बसून राहू लागले. आमचा जो आळस आजवर आमच्या मुळावर आला होता, तोच बाईंनी कामाला लावला.

ओट्सचे नाव त्यांनी काढले नाही. आम्ही लहानपणी जे खात होतो तेच आणले. मटकी, मूग, हुलगे यांच्या उसळी आणि ताक. उन्हाळ्यात पालेभाजी मिळेना तेव्हा शहरातल्या छावणी भागातल्या आठवडी बाजारातून वाळवलेला हरभऱ्याचा पाला आणून त्याची भाजी केली. सात वारांच्या सात उसळी ठरल्या. आज काय, हा प्रश्नच उरला नाही. गोड बंद केले नाही. शनिवारी शिरा असे, आणि तो चांगला तुपातला असे. भगवान एकदा म्हणाला, "मावशी, शिरा रोज का नाही?" तर म्हणाल्या, "रोज केला तर त्यो शिरा ऱ्हाईल का? त्यो बी उसळच व्हईल."

चूक झाली की आम्ही दोन टोकांना जायचो. एक तर उपास, नाहीतर "आता बिघडलंच आहे तर" म्हणून आठवडाभर वाट्टेल ते. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी दहा दिवस असाच वाहवलो. कामावर परत आल्यावर कँटीनमध्ये जायची लाज वाटू लागली. दुपारी फाटकाबाहेर गाड्यावर उभा राहून कचोऱ्या खायचो. चौथ्या दिवशी बाई तिथे आल्या. भाकऱ्या थापून हातावर पीठ वाळलेले तसेच. मी कचोरी मागे लपवली.

"लपवू नगा. खाऊन घ्या."

मी खाल्ली. त्या माझ्या शेजारी उन्हात उभ्या राहिल्या.

"झालं? आता संध्याकाळच्याला घरी काय हाय?"

"आज उपास करीन म्हणतो."

"उपास नाय. उपासानं उद्या पुन्यांदा हितंच याल. संध्याकाळी भाकर आन् भाजी, नेहमीवानी. चुकलं ते जेवान गेलं. म्होरलं बरोबर करायचं, बास."

एवढे सांगायला त्या बाई आपली अर्ध्या तासाची सुट्टी सोडून आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये गेलो. त्यांनी काहीही न बोलता भाकरी वाढली. लोकांदेखत एक शब्द काढला असता तर मी पुन्हा गेलो नसतो, हे त्यांनी ओळखले होते.

दोन वर्षांत आमच्या कागदांवरच्या लाल खुणा कमी झाल्या. भगवानच्या गोळ्या डॉक्टरांनी निम्म्या केल्या. माझी साखर ताब्यात आली. कारखान्याच्या वार्षिक पत्रिकेत या यशाबद्दल साहेबांचा फोटो आला, समितीचा चिटणीस म्हणून माझाही आला. बाईंचा आला नाही. त्या ठेकेदाराकडच्या होत्या, कारखान्याच्या नव्हत्या, असे कारण होते. ते कारण मीच सुचवले होते.

नंतर आम्हाला कंटाळा आला.

याहून वेगळे काही घडले नाही. भीती ओसरली होती. भगवान ठणठणीत दिसत होता. कारखान्याचा विस्तार झाला, नवी मुले आली, त्यांना हुलगे म्हणजे काय ते माहीत नव्हते. बाहेर नवे रस्ते, नवी हॉटेले झाली होती. पुन्हा सोमवार, पुन्हा मटकी. रांगेत कुरकुर सुरू झाली. बाईंच्या कानावर ती गेली तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "कंटाळा येनारच, भाऊ. कंटाळा आला म्हंजी अंगवळनी पडाया लागलं. आता सोडू नगा. आता सोडलं तर समदं वाया जाईल."

मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात एक नवा ठेकेदार समितीला भेटला. रोज वेगळा पदार्थ, पनीर, पुलाव, आठवड्यातून तीनदा गोड. कामगारांची मागणी असेल तर साहेब बदल करतील, असे त्याने सुचवले. मागणीचा अर्ज कुणीतरी लिहायला हवा होता. माझे अक्षर चांगले आहे. मी लिहिला.

इतकी वर्षे ज्यांना आम्ही मावशी म्हणत होतो, त्यांना त्या अर्जात मी "सदर महिला" म्हटले. सदर महिला कामगारांच्या आवडीचा विचार करीत नाही, असे लिहिले. शेवटी टाळ्या मिळाव्यात म्हणून एक ओळ घातली: आम्ही कामगार आहोत, मेंढरे नव्हे. अर्ज कारखान्यात मशीन-मशीनवर फिरला तेव्हा त्या ओळीवर लोक हसले. पहिली सही माझी. दुसरी भगवानची.

चार दिवसांनी दुपारी बाई स्टोअरच्या दाराशी आल्या. हातात अर्जाची प्रत होती.

"साहेबांनी दिला ह्यो कागुद. मला वाचता येत नाय. वाचून दावा."

स्टोअरमध्ये आणखी दोघे होते. ते उठून बाहेर गेले. मी उभ्याउभ्या वाचला. सदर महिला म्हणताना माझी जीभ अडखळली. शेवटच्या ओळीशी थांबलो आणि कागद घडी करून परत दिला.

"संपलं?"

"हो."

"एक वळ ऱ्हायली, भाऊ. मेंढराची. भगवानभाऊ सांगत व्हते."

मी कागद पुन्हा उघडला आणि ती ओळ वाचली. त्यांनी मान हलवली. कागद हातात घेऊन त्यावर बोट फिरवत म्हणाल्या, "अक्षर लई गोमटं हाय. कुनाचं हाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागद कनवटीला खोचला आणि गेल्या. महिनाअखेर त्यांचे काम सुटले. जाताना त्यांनी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली, ताकाचा माठ तेवढा राहू द्यावा. नव्या ठेकेदाराने त्या जागी थंड पेयांचे कपाट ठेवले. साहेबांनी मला विचारले होते. मी म्हणालो, मुलांना आवडेल.

पुढचे मी थोडक्यात लिहितो, कारण हा लेख वाचणाऱ्या तुम्हा सर्व जुन्या सहकाऱ्यांच्या घरात ते घडले आहे. पहिले वर्षभर आम्ही खूश होतो. भगवानच्या गोळ्या पुन्हा वाढल्या, मग इंजेक्शन सुरू झाले, मग मूत्रपिंडे गेली. शेवटच्या दिवसांत मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "दिगंबर, आपल्याला कुणी मारलं नाही रे. आपल्याला फक्त कंटाळा आला." तो गेला तेव्हा त्याच्या मुलीचे लग्न ठरलेले होते. माझ्या डाव्या पायाची दोन बोटे निवृत्तीच्या आदल्या वर्षी कापावी लागली.

पायाची जखम भरल्यावर मी गारखेड्यात बाईंचा शोध घेत गेलो. यजमान वारले होते. ज्या इमारतींच्या पायथ्याशी त्या राहिल्या, त्यांपैकीच एकीच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी खानावळ काढली होती. दहा-बारा जण जेवत होते. आधी उसळ, मग भाकरी. भात मागितला तर आतून. मी दारात काठी टेकून उभा राहिलो. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिले आणि समजल्या.

मी म्हणालो, "मावशी, तो अर्ज मी लिहिला होता. ते अक्षर माझं होतं. माफी मागायला आलोय."

"तवाच कळलं व्हतं. पिठाच्या पोत्याची चिठ्ठी रोज तुमीच द्यायचा की. वाचता नाय आलं तरी वळन वळखू येतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"तुमी सांगताय का, ते बगत व्हते."

मी रडू लागलो. त्यांना ते आवडले नाही. लोक जेवत होते.

"माफीनं साखर उतरती व्हय?" त्या म्हणाल्या. "बसा. हात धुवा."

त्यांनी मला माफ केले, असे मी म्हणणार नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तिथे दुपारी जेवतो. त्या वाढतात. जुने काही बोलत नाहीत. एकदा मी विषय काढला, तर ताट उचलून आत गेल्या. माझी साखर पुन्हा ताब्यात आहे. बोटे काही परत यायची नाहीत, आणि भगवानही.

आता या गौरवग्रंथाविषयी. आम्ही निवृत्त कामगारांनी बाईंच्या पंचाहत्तरीला समारंभ करायचे ठरवले आहे. वर्गणीदारांची यादी माझ्यासमोर आहे आणि अर्जावरची नावेही मला पाठ आहेत. दोन्हींत फारसा फरक नाही. जे गेले ते तेवढे या यादीत नाहीत. संपादकांनी मला फोन करून सांगितले, "दिगंबरराव, चार चांगले शब्द लिहा, जुने उगाळू नका." समारंभाचे जेवणही ठरले आहे. श्रीखंड-पुरी. बाईंना विचारले का, असे मी विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

बाईंच्या आयुष्याचा बोध काय, तो शेवटी लिहावा, अशीही सूचना आहे. मला वाटते तो मोठा नाही, म्हणूनच आम्ही तो टिकवू शकलो नाही. बाईंनी आम्हाला चांगले काही शिकवले असेल तर ते हे, की मन उभारी धरील याची वाट पाहू नये. चांगले खाणे इतके सोपे, इतके हाताशी आणि इतके रोजचे करून ठेवावे की मन खचले तरी हात आपोआप तिकडे जावा. चुकलेल्या जेवणाचा हिशेब करू नये. आणि कंटाळा आला की समजावे, आता आपण टिकायला लागलो आहोत. नेमक्या त्या जागी आम्ही त्यांना घालवले. त्या मेंढपाळाच्या घरच्या होत्या, निरक्षर होत्या, ठेकेदाराच्या मजूर होत्या, म्हणून ते आम्हाला सोपे गेले. हेच पांढऱ्या कोटातल्या कुणी सांगितले असते तर आम्ही चौकटीत लावले असते.

गेल्या महिन्यात मी त्यांना समारंभाचे निमंत्रण द्यायला गेलो. दुपारचे जेवणारे उठून गेले होते. त्या भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. गुडघे आता साथ देत नाहीत. मी निमंत्रण वाचून दाखवले. या वेळी एकही ओळ गाळली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "येते. पर फार येळ बसवू नगा. हितं मान्सं जेवायला यीत्यात." मी जायला उठलो तेव्हा आत चुलीपाशी माझे लक्ष गेले. टोपलीत अर्धी भाकरी उरली होती, उसळीचे पातेले रिकामे होते. मला एकदम सुचले म्हणून विचारले, "मावशी, तुम्ही जेवलात का?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. इतक्या वर्षांत तो प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होतो. आमच्यापैकी कुणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

द्वारकाबाईंना पुष्कळ आयुष्य मिळावे, गुडघ्यांचे दुखणे थांबावे, डोळे आणि दात शाबूत राहावेत, ही या लेखाच्या शेवटी माझी प्रार्थना आहे. त्यांच्या उरलेल्या वर्षांत त्यांना रोज कुणीतरी आधी बसवावे, पहिली गरम भाकरी त्यांच्या ताटात पडावी, आणि त्या वर्षांतला एकही दिवस आता आमच्यासारख्यांसाठी खर्ची पडू नये.